काहिलीत उभी राहायची ती मी

मला झालं ते पित्त नव्हतं. हे आधीच सांगून टाकते. पुढचं कोणी वाचो न वाचो, एवढं तरी कळायला हवं. घर गरगर फिरायला लागलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, हात धरायला जाल तिथं पोचेना, जीभ जड झाली, तर लिंबू-साखर घेत घरी बसू नका. मी बसले. दीड दिवस बसले.

माझी शाळा चौथीपर्यंत. हे मी वहीत लिहिलं आणि काना-मात्रा सुनेनं नीट केल्या. लिहून काढताना तिनं दोन-तीन ठिकाणी विचारलं, "आत्या, हे कशाला लिहिता?" ती ठिकाणं मी तशीच ठेवली आहेत.

श्रावण

मालक गेल्यापासून मी सोलापुरात घरीच कडक भाकरी करून विकते. मुलगा दत्ता युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. सून सुनंदा अंगणवाडीत मदतनीस होती. होती असं का लिहिलं ते पुढं येईल.

मला ब्लडप्रेशर आहे. डॉक्टरांनी गोळी दिली होती, सकाळी जेवणानंतर घ्यायची. श्रावणात मी महिनाभर एकवेळच जेवते, तेही संध्याकाळी. सकाळी जेवण नाही, म्हणून गोळी नाही. उपाशीपोटी गोळी बाधते असं ऐकलं होतं. डॉक्टरांना विचारावं असं वाटलं नाही. यात विचारण्यासारखं काय आहे, असं माझं डोकं. दर श्रावणात मी हेच करत होते आणि काही होत नव्हतं. नंतर आमच्या गल्लीतच अशा आणखी दोघी निघाल्या.

त्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता परात उजवीकडं सरकली. बघते तर परात जागेवरच. भाकरी तव्यावर टाकली ती तव्याशेजारी पडली. मी हाक मारली, "सुनंदा, जमीन हलतीय का गं?"

ती आली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "नाही आत्या. तुम्ही हलताय."

मग ओकाऱ्या. मी म्हटलं, पित्त. शेजारीण म्हणाली, पित्तच. उपासाचं पित्त डोक्यात चढलंय म्हणाली, आल्याचा रस द्या. सुनंदा दवाखान्यात चला म्हणत होती, मीच गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दत्ताशी बोलायला लागले तर तोंडातून शब्दच सरळ येईनात. तेव्हा त्यानं मला उचलूनच रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, "लहान मेंदूला रक्त पोचलं नाही. काल आणायला हवं होतं."

लहान म्हणाले, म्हणून मला वाटलं किरकोळ असेल. दत्ताचं तोंड बघितल्यावर कळलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हातापायातली ताकद गेलेली नाही, पण तोल गेला आहे. उभं राहता येणार नाही, हळूहळू शिकावं लागेल. मी बोटानं खूण करून विचारलं, किती? ते म्हणाले, "किती येईल ते आज सांगता येत नाही, आजी. वयही आहे."

मला दुसरं काही विचारायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की स्वतःच्या पायानं संडासला जाता यावं. दत्ता, सुनंदा, देव, डॉक्टर, सगळे नंतर.

खाट

वॉर्डात सकाळ लवकर व्हायची. फरशी पुसणारी बाई बादली आपटत यायची, मग चहा, मग दंडाला पट्टा बांधून प्रेशर, मग डॉक्टरांची फेरी. त्यांनी नाकाला बोट लाव म्हणायचं आणि मी गालाला लावायचं. शेजारच्या खाटेवर अक्कलकोटकडची एक बाई होती. ती कानडी बोलायची, मला अर्धं कळायचं. तिची लेक तिची वेणी घालून झाली की न विचारता माझीही घालायची. तिचं नाव मी विचारलं नाही. कुणी केसाला इतका हलका हात लावल्याचं मला आठवत नाही.

बेडपॅनबद्दल काय लिहू? आयुष्यभर मी कुणापुढं पदर ढळू दिला नव्हता. तिथं अनोळखी पोरीनं कंबर उचलून भांडं सरकवायचं. पहिल्या दिवशी रडू आलं, तिसऱ्या दिवशी आलं नाही.

बोलणं मात्र मी स्वतःच बंद केलं. एका पेशंटला भेटायला आलेला माणूस माझा आवाज ऐकून बायकोला म्हणाला, "म्हातारी घेऊन आलीय वाटतं." हसले दोघं. दारू प्यायल्यासारखंच यायचं तोंडातून, खोटं नव्हतं. त्या दिवसापासून मी हो-नाहीसाठी मान हलवायला लागले. मान हलवली की आणखी गरगरायचं. तरी तेच करत राहिले.

डोळे मिटले की खाट हलायची. गोल फिरायची, एका बाजूला कलायची, परत सरळ व्हायची. बाकीच्यांना याची भीती वाटते म्हणे. मला ते हलणं ओळखीचं होतं. साठ वर्षं झाली असतील, पण अंगाला ओळख होती. ती काहील होती.

काहील

माझं माहेर भीमेकाठी, मोहोळ तालुक्यात. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. आमच्या गावची इतकी मोठी होती की आत चार माणसं पाय पसरून झोपली असती. गुऱ्हाळ संपलं की काहील घासून पालथी पडायची. पावसाळ्यात नदी भरली की तीच नदीत उतरायची, कारण गावाची निम्मी रानं पलीकडं होती आणि नाव नव्हती. शेवंताचा बाप कोळी, तो काहील चालवायचा. पलीकडं भाकरी पोचवायचं काम आम्हा पोरींचं. शेवंता, हौसा आणि मी. तिघींची शाळा सुटलेली, तिघींची लग्नं व्हायची होती. असे दिवस बाईला फार मिळत नाहीत.

शेवंताच्या बापाला दुपारी झोप लागायची. मग काहील आमची.

काहील गोल. एका बाजूनं वल्हवलं तर जागच्या जागी गिरकी घेते. म्हणून हौसा एका कडेला आणि शेवंता दुसऱ्या कडेला फळी घेऊन बसायच्या. मधे मी उभी. मी उंच होते आणि काडीसारखी होते. खाली बंधारा असल्यामुळं पाणी संथ असायचं. आषाढात वारा सुटला की आम्ही हौसाच्या आईचं जुनं लुगडं दुहेरी करून घ्यायचो. वरची दोन टोकं मी खांद्याइतक्या उंचीवर हात पसरून धरायची, खालची दोन टोकं त्या दोघींनी पायाखाली दाबायची. वारा पाठीमागून यायचा. लुगडं गरोदर बाईच्या पोटासारखं फुगायचं आणि काहील अशी पळायची की काठावरची म्हसरं मान वर करून बघायची. जाताना वाऱ्यानं जायचं. येताना हातानं मारत यायचं आणि तळहाताची सालं काढायची. पण जाताना! त्यासारखं पुन्हा कशात बसल्याचं मला आठवत नाही. विमानात बसले नाही, त्याचं माहीत नाही.

लुगडं पुढं आलं की बसलेल्या दोघींना समोरचं दिसायचं नाही. म्हणून आमचा नियम होता, उभी असेल तिनं बोलत राहायचं. काय दिसतंय ते सांगत राहायचं. बाभळ आली, खडक डावीकडं, तुझी चुलती धुणं धुतीय. बोलणं थांबलं की बसलेल्या घाबरायच्या, उठून बघायला जायच्या आणि काहील कलायची.

एकदा मी गप झाले. पलीकडच्या काठावर आमचे अण्णा उभे होते आणि त्यांच्यासोबत फेटा बांधलेले तीन पाहुणे. मला बघायला येणार होते ते. उद्या येणार होते, आजच आले. अण्णा त्यांना रान दाखवायला घेऊन आले होते. मी लुगडं पसरून नदीच्या मधोमध उभी, माझा स्वतःचा पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. माझी वाचाच बसली.

"काय झालं गं? बोल की!" शेवंता ओरडली. हौसा बघायला उठली. काहील कलली आणि आम्ही तिघी पाण्यात. पोहता येत होतं म्हणून वाचलो. काहील बुडाली. गावातल्या माणसांनी दोर लावून दुसऱ्या दिवशी वर काढली. पाहुणे चहा न घेता गेले. अण्णांनी मला चिंचेच्या फोकानं मारलं, आणि पुढच्या वर्षी सोलापुरात दिलं, जिथं नदी नाही.

हौसा पहिल्या बाळंतपणात गेली. शेवंता मोहोळला दिली. आम्ही दोघी लग्नाकार्यात भेटत आलो.

पाणी

घरी आणल्यावर सुनंदानं अंगणवाडी सोडली. मला धरून उठवायचं, धरून न्यायचं, समोर उभं राहायचं, धरून आणायचं. दिवसातून आठ-दहा वेळा. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण एकदा भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती, मी हाक मारली तेव्हा उघडायला तिला वेळ लागला. ते मी बघितलं.

मग मी डोकं चालवलं. पाणी कमी प्यायचं, म्हणजे जावं कमी लागेल. चहा सोडला. औषधाला घोटभर पाणी. सुनंदाला वाटायचं, आत्यांना पाणीच जात नाही. चौथ्या दिवशी जळजळ सुरू झाली, ताप भरला, आणि परत दवाखाना. डॉक्टर माझ्यावर ओरडले ते बरोबरच होतं. ज्यांना कुणाला असं डोकं चालवावं वाटेल त्यांना सांगते, चालवू नका. सुनेच्या चार खेपा वाचवायला गेले आणि तिला पंधरा दिवस दवाखान्यात बसवलं.

दत्ता पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "आई, तुला आमच्यावर ओझं झाल्यासारखं वाटायला लागलंय का?"

मी मान हलवली. त्याला ते हो वाटलं की नाही, कळलं नाही. तो उठून बाहेर गेला. बोलता येत असून मी बोलत नव्हते, हे तेव्हाही माझ्या ध्यानात आलं नाही.

शेवंता

व्यायामाला मला प्राजक्ता मॅडमकडं न्यायचे. पंचविशीतली पोरगी, दंडात ताकद बैलासारखी. दोन लोखंडी दांड्यांच्या मधे मला उभी करायची आणि म्हणायची, "आजी, हात सोडा. खाली बघू नका." मी हात सोडायची, पायाकडं बघायची आणि पडायची. तिनं धरायचं. दोन महिने हेच. एक दिवस ती सुनंदाला बाजूला घेऊन हळू बोलली. तोल गेला होता, कान शाबूत होते. ती म्हणाली, "इतक्यात थोडं तरी यायला हवं होतं हो. वॉकरची सवय लावू. कायमची सोबत लागेल असं धरून चला."

त्याच आठवड्यात शेवंता आली. आता तिला दातही नाहीत आणि भीडही नाही, भीड पहिल्यापासून नव्हती. मी घरी नाही असं कळल्यावर ती रिक्षा करून तिकडंच आली आणि बाकावर बसून बघत राहिली.

दोन वेळा पडल्यावर प्राजक्तानं मला विसाव्याला बसवलं आणि करमणूक म्हणून मोबाईल दाखवला. रविवारी ती मैत्रिणींबरोबर हिप्परग्याच्या तलावावर जाते. हवा भरून फुगवायची लांब फळी, तिच्यावर उभं राहायचं आणि एका वल्ह्यानं पाणी मारायचं. एका मैत्रिणीच्या फळीला तर शीड होतं. ती ते दोन्ही हातांनी धरून वाऱ्यावर चालली होती.

शेवंतानं मोबाईल हातातच घेतला. "अगं बया! ही तर आपली काहील की गं! निस्ती चपटी केलीय."

प्राजक्ता म्हणाली, "तुम्ही केलंय असं, आजी?"

"ही मधी हुबी ऱ्हायाची," शेवंतानं माझ्याकडं बोट केलं. "आन् ही तुजी मैतरीण बघ आता पडती का न्हाय ते. पायाकडं बघतीया. त्वांड मिटलंय. पडली! बघ. पडली का न्हाय?"

मैत्रीण खरंच पडली होती. प्राजक्ता हसली. शेवंता हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू का गं गप? मगाधरनं बघतीया. एक शबुद न्हाय."

मी तोंडाकडं बोट दाखवलं.

"वाकडं बोलतीस? मग? मला तरी कुटं दात हायती? माज्या सुनंला माजं निम्मं कळत न्हाय, तरी मी तिला दिवसभर शिव्या देती. ऊठ. आन् बोलत ऱ्हा. त्या दिवशीबी गप झालीस आन् बुडवलंस आमाला."

प्राजक्तानं मला उभं केलं. शेवंता दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि ओरडली, "काय दिसतंय?"

मी म्हटलं, "तू." शब्द फुटका आला.

"आनि?"

"खिडकी. कॅलेंडर. गणपती. तुझं... नाक गळतंय."

"गळू दे. आनि?"

"पंखा बंद. त्या बाईची चप्पल... उलटी."

प्राजक्तानं हात कधी काढले मला कळलं नाही. नंतर तिनं सांगितलं, मी दहा आकडे मोजेपर्यंत उभी होते. तिच्या म्हणण्यानुसार बोलताना श्वास सुटतो, अंग ताठत नाही आणि नजर आपोआप वर राहते. असेल. आम्हाला एवढं माहीत नव्हतं. आम्हाला बुडायचं नव्हतं एवढंच.

त्या दिवशी मी बोलायला लागले ते घरीही थांबले नाही. पहिलं दत्ताशी बोलले. त्याला सांगितलं की ओझं वाटतं, मला वाटतं, तुम्हाला नाही, आणि ते काही जाणार नाही, पण त्यावरून पाणी प्यायचं सोडणार नाही. तो म्हणाला, "आई, निम्मं कळलं." मी परत सांगितलं.

हे सगळं झटक्यात झालं असं समजू नका. शेवंता आठ दिवस राहिली आणि गेली. पुढं महिनाभर मी दांड्यांमधेच होते. मग काठी. काठी आली तरी सुनंदा दंड धरून संडासच्या दारापर्यंत यायची आणि आतही यायची. एकदा मी तिला बाहेर थांब म्हटलं आणि आत पडले, कोपर फुटलं. त्यानंतर दोघींनाही धाडस झालं नाही.

हिप्परगा

माघात प्राजक्ता म्हणाली, "आजी, रविवारी चला तलावावर. बसायला खुर्ची नेऊ." शेवंताला निरोप गेला, ती एसटीनं आली. दत्ताला सुट्टी नव्हती. सुनंदा मला सांभाळायला म्हणून आली.

पाणी बघितलं आणि छाती भरून आली. एवढं लिहिते, जास्त लिहिणार नाही. भीमेचं पाणी गढूळ असायचं, हे निळं होतं. वारा मात्र तसाच, एका कानातून शिरणारा. मुलींनी फळ्या फुगवल्या. मला कुणीतरी विचारलं, बसता का? मी नको म्हटलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि माझं डोकं एकदा चालवून झालं होतं.

शेवंता मात्र नारिंगी जाकीट घालून फळीवर बसली. प्राजक्ता मागं उभी राहून वल्हवत होती आणि शेवंता पुढून तिलाच शिकवत होती, "आगं उजवीकडनं मार की! गिरकी घिती बघ!" मुली हसून हसून पाण्यात पडत होत्या. मग त्यांनी सुनंदाला ओढलं. ती माझ्याकडं बघत नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "जा. मी काय उडून जाते का?"

गेली. आधी गुडघ्यावर बसली, मग दोघींनी धरून तिला उभं केलं. साडी भिजलेली. ती किंचाळली आणि हसली. तिचं हसणं मी श्रावणापासून ऐकलं नव्हतं. ती हळूहळू लांब गेली.

आणि मला लागली.

हाक मारली असती तर ती आली असती. फळी वळवून, धडपडत, पडत, आली असती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

काठी घेऊन उठले. बाभळी वीस-पंचवीस पावलांवर होत्या. जमीन खडबडीत, ढेकळं, मधे एक चर. चर ओलांडताना काठी आत गेली आणि मी हलले. थांबले. जग सरळ झालं तेव्हा पुढं गेले. बाभळीमागं लुगडं सावरून बसले. बसणं सोपं, उठणं अवघड. गुडघे उठेनात. काठी ढेकळात रुतली. बाभळीची फांदी धरली, काटा तळहातात गेला, तरी सोडली नाही. उठले.

तिथं जरा वेळ उभी राहिले. घाई नव्हती. आजूबाजूला कोणी नव्हतं. मला कुणी बघत नव्हतं, कुणी धरत नव्हतं, झालं का म्हणून कुणी विचारत नव्हतं.

येऊन खुर्चीत बसले. तळहाताचं रक्त पदराला पुसलं.

बऱ्याच वेळानं सुनंदा काठावर आली. निथळत होती, दात वाजत होते, डोळे पोरीसारखे. फळीवरून उतरता उतरताच म्हणाली, "आत्या, किती वेळ झाला, मला हाक का नाही मारली? चला, तुम्हाला नेऊन आणते."

मी म्हटलं, "जाऊन आले."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

तिनं बाभळींकडं बघितलं, मग चराकडं, मग माझ्या पायाकडं. पायाला माती होती. ती तिथंच ओल्या साडीनं खाली बसली, दोन्ही हात मांडीवर टाकून, अंगणवाडीतून दमून आल्यावर उंबऱ्यावर बसायची तशी. मी पाण्याकडं बघत राहिले.

मग पोरींनी तिला परत हाक मारली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि या वेळी न विचारता गेली.